कन्व्हर्टर काढून टाका म्हणतात, पण मन तयार होत नाही

मांजराकाठ | रविवार, रात्री १०.१२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईनं हवाय.

गाडी पेट्रोलवरची, १२०० सीसी, २०१८ ची, बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांची चौथी पायरी). १,१२,००० किलोमीटर झालेत. मी लातूरचा. गेल्या रविवारी बीडला लग्नाला गेलो होतो, गाडीत आई, बायको आणि दोन पोरं. जाताना गाडी जड वाटत होती, पण मे महिना, एसी चालू, पाच माणसं, म्हणून मनावर घेतलं नाही. परत येताना मांजरसुंब्याचा घाट लागला आणि गाडीनं मान टाकली. तिसऱ्यात ओढंना. दुसऱ्यात टाकली तरी काटा २५०० आरपीएमच्या वर जाईना. पाय पार खालपर्यंत दाबला तरी नुसता कोंडल्यासारखा आवाज.

बाजूला घेतली. दिवस मावळला होता. सडक्या अंड्यासारखा वास सुटलेला. खाली वाकून पाहिलं तर बुडाचा तो डबा अंधारात लाल दिसत होता, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखा. पोरगा म्हणाला, "बाबा, गवत बघा." डब्याखालचं वाळलेलं गवत धुरायला लागलं होतं. पाण्याच्या होत्या तेवढ्या बाटल्या ओतल्या आणि गाडी ढकलत डांबरावर आणली. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दीड तास थांबलो, गाडी थंड झाल्यावर दुसऱ्या गिअरात घाट चढलो, लातूर गाठायला रात्रीचा एक वाजला.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजला दाखवली. मेकॅनिक म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा तो बुडाचा डबा, चोक झालाय, आतून बुजलाय. नवीन टाकायचा तर दोन-अडीच महिन्यांचा घरखर्च एका डब्यात जाईल. त्यापेक्षा डबा उघडून आतली जाळी ठोकून काढतो, वरून वेल्डिंग मारतो, बाहेरून कुणाला कळायचं नाही. डब्यामागच्या सेन्सरला तुकडा लावून डॅशबोर्डवरचा दिवाही बंद करून देतो. सगळे मिळून तीन हजार. "गाडी उलट जास्त पळेल," म्हणाला.

दहा वर्षं त्याच्याकडंच गाडी टाकतो, माणूस खोटं बोलणारा नाही. पण माझं मन तयार होत नाही. आमचं घर गल्लीत आहे. गाडी लावतो ती आईच्या खोलीच्या खिडकीखाली, आणि आईला दमा आहे. आतापर्यंत त्या डब्याचं नावही मला माहीत नव्हतं, पण तो काहीतरी अडवत असणार ना? काढला तर ते सगळं खिडकीतूनच आत जाणार. आणि काढायचा नसेल, तर चोक झाला कशानं हे मला कुणी सांगेल का? नवीन टाकून तोही वर्षात असाच गेला तर?

भूमकर | रविवार, रात्री १०.४०

दादा, बिनधास्त काढा. मी काढून दोन वर्षं झाली. माझीही अशीच ओढंना झाली होती, बार्शी रोडला सायकलवाले पुढं जायचे. जाळी काढली त्या दिवसापासून गाडीला पंख फुटले. पिकअप लई वाढला, अॅव्हरेजही सुधारलं. पीयूसी होते. उगा कंपनीच्या पार्टला एवढे पैसे घालू नका, त्यात दोन एकरांचं बियाणं-खत येतं.

वाळूजचा फिटर | सोमवार, सकाळी ६.२५

मांजराकाठ, तूर्त काही काढू नका आणि काही बदलूही नका. मी ३१ वर्षं वाळूज एमआयडीसीत इंजिनांवर काम केलं, आता घराशेजारी छोटं गॅरेज आहे. सवडीनं लिहितो, नीट वाचा.

कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणानं मरत नाही. त्याला इंजिन मारतं. तुमचा डबा लाल झाला म्हणता, म्हणजे त्याच्या आत पेट्रोल जळत होतं. पेट्रोल जळायची जागा सिलिंडर. तिथं न जळता ते पुढं आलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ते नीट पेटत नाही. त्यालाच मिसफायर म्हणतात. ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल कमजोर असेल, ठिणगी पाडणारा प्लग संपला असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळत असेल. त्या सिलिंडरची न जळलेली हवा आणि न जळलेलं पेट्रोल दोन्ही सोबतच कन्व्हर्टरमध्ये जातात, आणि आतली धातू त्यांना तिथं जाळते. डबा नेहमी ४०० ते ८०० अंशांत काम करतो. असं कच्चं पेट्रोल मिळालं की हजाराच्या पुढं जातो, आणि आतली चिनी मातीसारखी जाळी वितळून तिची भोकं बुजतात. मग इंजिनाला श्वास सोडायला जागा उरत नाही. घाटात काटा २५०० ला अडला तो त्यामुळं.

दुसरं कारण ऑइल. पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल पीत असेल, तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त धुरासोबत जाऊन जाळीवर थर धरतं. ती बुजायच्या आधीच निकामी होते. सायलेन्सरच्या सांध्याला हाताला येईल ते सिलिकॉन फासलं, तर त्यानंही हेच होतं.

आता तपासणी. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवायचा. गाडी उभी असताना, आयडलला (पाय न दाबता) दीड पीएसआयच्या आत दाब हवा, २५०० आरपीएमला तीनच्या आत. त्याच्या वर गेला की पुढं वाट बंद आहे. गेज नसेल तर डबा थंड असताना रबरी हातोडीनं हलकं ठोका. आत खुळखुळा वाजला तर जाळी फुटलेली. पण हे सगळं नंतर. आधी स्कॅनर लावून मिसफायरचे कोड वाचा, चारही प्लग काढून एका ओळीत मांडा आणि त्यांचा फोटो इथं टाका. प्लग सगळं सांगतो.

भूमकर, राग मानू नका. तुमच्या गाडीला पंख फुटले नाहीत, तुमच्या गाडीचा गळा सुटला. तुम्ही तुलना केली ती बुजलेल्या कन्व्हर्टरशी. धडधाकट कन्व्हर्टर अशा छोट्या इंजिनाची ताकद इतकी थोडी खातो की गाडीत बसलेल्याला ते कळणारच नाही. आवाज मोठा झाला की वेगही वाढल्यासारखा वाटतो, तो भाग वेगळा. आणि तुमचा कन्व्हर्टर ज्यानं मारला तो बिघाड अजून तुमच्या इंजिनात बसून असेल. आता तो दिसत नाही एवढंच, कारण ओरडणारा तुम्ही काढून टाकला.

मांजराकाठ | सोमवार, दुपारी १.५०

काका, वाचून हात थांबले. एक गोष्ट मी धाग्यात लिहिली नव्हती. फेब्रुवारीपासून डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा यायचा. कधी नुसता लागलेला असायचा, कधी लुकलुकायचा. एका इलेक्ट्रिशियननं सांगितलं की पेट्रोलमुळं येतो, इथेनॉल वाढवलंय ना, लक्ष देऊ नका. बॅटरीची वायर काढून दिवा घालवून दिला. परत आला, परत घालवला. तीन महिने मी असाच चालवत राहिलो. सकाळी इंजिन थरथरायचंही.

वाळूजचा फिटर | सोमवार, दुपारी २.३०

मग उत्तर मिळालं. दिवा स्थिर असला तर सवडीनं दाखवलं तरी चालतं. लुकलुकला तर त्याचा अर्थ एकच, आत्ता या क्षणी कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय. पाय हलका करायचा आणि जमेल तिथं गाडी थांबवायची.

इथेनॉलवर खापर फोडू नका. इथेनॉल जळून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणून २० टक्के मिसळलं की अॅव्हरेज थोडं उतरतं, ते खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचा प्रश्नही खरा. पण एका सिलिंडरची ठिणगी मेली तर तो दोष इथेनॉलचा नाही.

प्रयोगशाळा, नांदेड | सोमवार, रात्री ९.०५

मी रसायनशास्त्र शिकवते. मांजराकाठ यांचा "तो काहीतरी अडवत असणार ना" हा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले. तो काही अडवत नाही, तो बदलतो.

मागच्या वर्षी भंगारातून एक कापलेला कन्व्हर्टर आणून मी मुलींच्या हातात दिला होता. पहिलीच म्हणाली, "मॅडम, हे तर मोहोळ आहे." अगदी तसंच दिसतं. एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं, भिंती कागदासारख्या पातळ. त्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरबरीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण. या तिन्ही धातू मिळून काही ग्रॅम, फार नाहीत. पण तो थर इतका सच्छिद्र की त्याचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर दोन-चार एकर रान झाकलं जाईल. मुठीएवढ्या दिसणाऱ्या जागेत एवढं रान पसरलेलं. इंजिनाचा धूर त्यातून क्षणाच्या एका अंशात निघून जातो, आणि तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत, म्हणून तर त्यांना उत्प्रेरक म्हणायचं. कन्व्हर्टर तापलेला आणि निरोगी असेल तर यातलं ९० टक्क्यांहून जास्त विष तिथंच संपतं.

पण एक अट आहे. ऑक्सिजन जास्त झाला तर नायट्रोजनचं काम होत नाही, कमी पडला तर बाकी दोघांचं होत नाही. म्हणून वजनानं पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण इंजिनानं सतत सांभाळावं लागतं. ते जुन्या गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला जमत नव्हतं. म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला, संगणकावरचं इंजेक्शन आलं. कन्व्हर्टरमुळं इंजिनाची ताकद जाते असं ऐकलं की मला वाईट वाटतं ते यासाठीच. आजच्या इंजिनाला जी शिस्त लागली, ती बऱ्याच अंशी याच डब्यानं लावलेली आहे.

थोडा इतिहास. युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्यानं अमेरिकेत १९५० च्या दशकात कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक मरतो, त्यामुळं तो गाड्यांवर टिकेना. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून तो सर्रास आला, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं. आपल्याकडं १ एप्रिल १९९५ ला दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणजे या डब्यापायी आपल्या मुलांच्या श्वासातून शिसंही गेलं. हा उपकार फार कमी लोकांच्या लक्षात आहे.

तो काय करत नाही हेही सांगते. कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाही. हवामानबदलावर हा उपाय नव्हे. आपल्या गल्लीतलं, आपल्या नाकासमोरचं विष तो कमी करतो.

आणि आईंच्या खिडकीबद्दल. कन्व्हर्टर थंड असताना जवळजवळ काहीच करत नाही. २५०-३०० अंशांच्या पुढं गेला की जागा होतो. म्हणून गाडी सुरू केल्यावरची पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यांत विषारी. कन्व्हर्टर अगदी नवा असला तरी. सकाळी गाडी खिडकीखाली सुरू करून ठेवत असाल, तर कृपा करून ती सवय आजच सोडा. ढकलत गल्लीच्या तोंडाशी न्या आणि तिथं सुरू करून लगेच निघा.

परभणीची सिस्टर | सोमवार, रात्री १०.२०

मॅडमच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे हात जोडून अनुमोदन. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं. दमेकऱ्याला नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी आणखी त्रास, श्वासनळ्या आकसतात. जाळी काढलेली गाडी आणि बंद शटरचा गाळा, हे दोन्ही एकत्र कधीच येऊ देऊ नका.

भूमकर | मंगळवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचं वाचलं. मॅडम, फिटरकाका, तुमचा मान राखून विचारतो. ऊस गाळपाच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर काळा धूर ओकत रात्रंदिवस जातात. पाचट पेटवतात, चार-चार दिवस आभाळ दिसत नाही. त्यांना कुणी बोलत नाही. माझ्या एका गाडीच्या जाळीनं काय होणार? आणि पीयूसीवाला तर होकार देतो.

प्रयोगशाळा, नांदेड | मंगळवार, दुपारी ४.४०

पाचटाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर वेगळा धागा निघायला हवा, मीही लिहीन. पण ट्रॅक्टर तुमच्या अंगणात रोज सकाळी उभा राहत नाही. तुमची गाडी राहते. धूर ज्याच्या जवळ, त्याच्या छातीत जास्त. लहान मूल आपल्यापेक्षा बुटकं, त्याचं नाक सायलेन्सरच्या उंचीला असतं. एका गाडीनं जिल्ह्याची हवा बदलणार नाही. अंगणाची बदलते, आणि तुमची मुलं अंगणात खेळतात.

वाळूजचा फिटर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

पीयूसीचं सांगतो. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं. जाळी काढलेली गाडी या आकड्यांत बसणं अवघड. नळी सायलेन्सरमध्ये नीट घालून, इंजिन गरम करून मोजलं तर कळतंच. प्रमाणपत्रावर आकडे छापलेले असतात, घरी जाऊन वाचा. कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नं प्रदूषणाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, वर लायसन्सवर तीन महिने गंडांतर. मूळ बनावटीत फेरफार केल्याचं कलम ५२ वेगळं.

औसा कोरडवाहू | बुधवार, सकाळी ५.५०

मांजराकाठ भाऊ, तुमच्या गवताचं वाचलं आणि रात्रभर झोप नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीनची काढणी चालू होती. पाव्हणे गाडी घेऊन थेट रानात आले, वावरात बनीम (काढलेल्या सोयाबीनची गंजी) लावलेली, तिच्या बाजूला भुसकट पसरलेलं. त्यावरच गाडी लावली आणि चहाला बसले. दहा-बारा मिनिटांत भुसकट पेटलं. गाडी कशीबशी काढली, पण बनीम गेली. सात एकरांची रास होती. कुणी म्हणालं बिडी टाकली असेल, कुणी म्हणालं भावकीनं पेटवली. बोलाचाली झाल्या त्या अजून मिटलेल्या नाहीत. त्या दिवशी तिथं बिडी ओढणारा कुणी नव्हता. आज कळलं मला, गाडीच्या बुडाला एवढा तापलेला डबा असतो. मी हे भावाला फोन करून वाचून दाखवणार आहे.

गाडीवाल्यांनो, कडबा, भुसकट, वाळलं गवत यावर गाडी लावत जाऊ नका. मोकळ्या मातीवर लावा.

वाळूजचा फिटर | बुधवार, सकाळी ७.१०

अगदी बरोबर. धडधाकट कन्व्हर्टरही वाळलं भुसकट पेटवायला पुरेसा तापतो. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ही सूचना असते. त्याच पानावर बहुधा आणखी एक असते, गाडी धक्का मारून सुरू करू नका. धक्क्यात इंजिन फिरतं पण पेटत नाही, आणि सगळं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून वायर जोडा.

काळीपिवळी केज | बुधवार, रात्री ९.३०

काका, आमचं डिझेल हाय, बीएस-६. केज ते अंबाजोगाई फेऱ्या मारतो. गाडी सारखी डीपीएफचा दिवा दाखवायली. अन् दुसरं, युरियाचं टाकी हाय. एका पोरानं शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला तर चालतंय म्हणून सांगितलं. टाकू का?

वाळूजचा फिटर | बुधवार, रात्री ९.४४

टाकू नका! आधी एवढंच वाचा, बाकी मागून लिहितो.

वाळूजचा फिटर | बुधवार, रात्री १०.२५

हं, आता सविस्तर. शेतातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो, २०१५ पासून सगळाच युरिया तसा येतो. शिवाय त्यात बाकी अशुद्धता. टाकीत लागतो तो ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिज काढलेलं पाणी. शेतातला टाकला तर पंप, नोझल आणि पुढचा उत्प्रेरक तिन्ही जातील.

डिझेलच्या धुरात ऑक्सिजन मुळातच जास्त असतो, त्यामुळं पेट्रोलचा कन्व्हर्टर तिथं नायट्रोजनच्या ऑक्साइडांना काहीच करू शकत नाही. म्हणून काम वाटून दिलंय. पहिला डबा वायू जाळतो, डीपीएफ नावाचा गाळणीचा डबा काजळी धरून ठेवतो, आणि युरियातून निघणारा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त करतो. डीपीएफमधली काजळी अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते, ते इंजिन स्वतः करतं. पण त्याला सलग वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगाची चाल लागते. तुम्ही दर फाट्याला थांबता, इंजिन चालू ठेवून सीट भरता, त्यात ते अर्धवट राहतं. आठवड्यातून एकदा रिकामी गाडी हायवेला एका दमात पळवा. अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून दांडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, बदलून टाका. आणि कमी राखेचं ऑइल मिळतं तेच घाला, डब्यावर लिहिलेलं असतं.

काळीपिवळी केज | गुरुवार, सकाळी ६.०५

वाचवलंत काका. पोतं गाडीतच होतं.

मांजराकाठ | रविवार, रात्री ८.५० (दोन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफी असावी. सगळं सांगतो.

स्कॅनर लावला. दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, आणि सोबत पी ०४२० हा कन्व्हर्टर कमजोर झाल्याचा कोड. प्लग काढून मांडले. तीन विटकरी-करडे, कोरडे. दुसऱ्याचा ओला, काळा, त्याला पेट्रोलचा वास. कॉइल हातात घेतली तर रबराच्या नळीला केसाएवढी तडा, तडेच्या कडेनं पांढुरकी रेघ. ठिणगी त्या तडेतून बाहेर उडत होती. एवढ्याशा तडेपायी हे सगळं झालं.

कॉइल आणि चारही प्लग बदलले. ऑइलची पातळी हजार किलोमीटरला मोजली, हलली नाही, म्हणजे रिंगा ठीक. मग दाब मोजला. २५०० ला साडेआठ पीएसआय.

मेकॅनिकशी बोललो. सगळा धागा त्याला दाखवला, म्हणजे त्यानं आपल्या पोराकडून वाचून घेतला. रागावला नाही. म्हणाला, "मला शिकवलं ते मी केलं, आतापर्यंत वीसेक गाड्यांच्या जाळ्या काढल्या असतील." मग बराच वेळ गप्प बसला. कन्व्हर्टर त्यानंच उतरवला. समोर कापून दाखवला. पुढून मोहोळ शाबूत, मॅडमनी लिहिलं तसं. मधे मात्र सगळं एकजीव होऊन काचेसारखं चकाकत होतं, गुळाच्या कढईच्या तळाशी पाक करपतो तसं. काडी घालून पाहिली, कुठूनच आरपार जाईना. आमची गाडी त्या बुजलेल्या तुकड्यातून श्वास सोडत होती आणि त्यात माझी पोरं बसलेली होती.

नवीन टाकला, अस्सल भाग. बायकोची भिशी लागली होती, तिनंच पुढं केली. स्वस्तातला दुकानात होता, पण त्याच्यावर धातूचा मुलामा किती आहे हे दुकानदारही सांगेना. जुन्याचे तुकडे नीट पिशवीत ठेवलेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला, सायलेन्सरमधली माती द्या म्हणाला. त्या मातीसाठीच व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जातात हे मला आता कळलं. त्याला दिलं नाही, धातू परत काढणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायचं बघतोय.

दाब आता आयडलला एकच्या आत. परवा पीयूसी केली, कार्बन मोनॉक्साइड ०.०२. काल मुद्दाम बीडला जाऊन आलो, घाट तिसऱ्यात चढली.

आणि गाडी आता गल्लीच्या तोंडाशी लावतो. आई म्हणते सकाळचा तो वास येत नाही. वास येतो हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

परभणीची सिस्टर | रविवार, रात्री ९.३०

आईंचा दम्याचा पंप चालू ठेवा, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

भूमकर | सोमवार, सकाळी ११.२०

मांजराकाठ दादा, तुमचा फोटो बघितला, तो काचेसारखा तुकडा. रात्री पीयूसीचा कागद काढून वाचला. आकडे छापलेत, पण तीन वर्षांचे तिन्ही कागद शेवटच्या अंकापर्यंत सारखे. कुणी मोजलंच नाही.

आज सकाळी इथल्याच एका पोराकडं स्कॅनर होता, लावून घेतला. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मिसफायरची मोजणी, पहिला शून्य, दुसरा शून्य, चौथा शून्य, तिसरा २१४. आता काय करू?

वाळूजचा फिटर | सोमवार, सकाळी ११.३५

तिसरी आणि चौथी कॉइल आपसांत बदला. कोड पुसून दहा किलोमीटर चालवा आणि परत मोजा. मिसफायर चौथ्यावर गेला तर कॉइल. तिसऱ्यावरच राहिला तर प्लगही तसाच बदलून बघा, त्यानंही हलला नाही तर इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन. कन्व्हर्टर त्याच्यानंतर घ्या, आधी नाही. आकडे इथं टाका, मी संध्याकाळी आहे.